खेड्यातील शिक्षकाचा विचार करणारे शास्त्रज्ञ : डॉ. विक्रम साराभाई

भारतीय अवकाश संशोधनाचे जनक म्हणून डॉ. विक्रम साराभाई सर्वपरिचित आहेत. परंतु खेड्यातील प्राथमिक शिक्षकास विज्ञान नीट शिकविता यावे, म्हणून जे कार्य त्यांच्या प्रेरणेने घडले, ते समाजात फारसे ज्ञात नाही.

दि. १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथील श्रीमाळी जैन उद्योगपती घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अंबालाल हे कॅलिको मिलचे मालक. मातोश्री सरलादेवी व अंबालाल यांनी मुलांसाठी घरीच शाळा चालविली. तेथे पाठांतरापेक्षा स्वतः करून पाहण्यास महत्त्व होते. किशोरवयात विक्रमभाईंनी रेल्वे इंजिनाची चालती प्रतिकृती तयार केली. केंब्रिज येथील शिक्षणानंतर महायुद्धकाळात बंगळूर येथे सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन केले व १९४७ साली डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. कापड गिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्थाही त्यांनीच उभारली. पिढीजात धंद्यातसुद्धा अंदाजाऐवजी तपासणीचा आग्रह धरणारा गिरणीमालकाचा पुत्र विरळाच म्हणावा लागेल!

हीच दृष्टी त्यांनी शाळेकडे वळविली. १९६६ साली त्यांनी अहमदाबादेत कम्युनिटी सायन्स सेंटर स्थापन केले. विद्यार्थी व शिक्षक यांनी येथे यावे, साहित्य हाताळावे, प्रयोग करावेत, हा उद्देश. डिसेंबर १९६८ मध्ये त्याच्या पायाभरणीस वृद्ध गुरू रामन स्वतः आले आणि आकाश निळे का दिसते, या विषयावर बोलले. लहानपणीचे ते इंजिनही पुढे याच केंद्रात ठेवण्यात आले.

मात्र एका शहरातील एक केंद्र लाखो खेड्यांना कसे पुरणार? शिक्षक केंद्रापर्यंत येऊ शकत नसेल, तर शिक्षण शिक्षकापर्यंत गेले पाहिजे. गरीब देशाला उपग्रह कशाला, असे विचारणारे त्या वेळी पुष्कळ होते. दूरचित्रवाणी आधी शहरांत व मग सवडीने खेड्यांत, हा क्रम विक्रमभाईंना मान्य नव्हता. सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’शी उपग्रह वापरण्याचा करार झाला. त्याचे फळ पाहण्यास मात्र ते राहिले नाहीत. दि. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवलम येथे, वयाच्या अवघ्या ५२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सहकाऱ्यांनी काम थांबू दिले नाही. त्यांत मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे अग्रणी होते. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष ‘साइट’ प्रयोग चालला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत, कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशा जाळीची छत्री उभारून, थेट उपग्रहावरून कार्यक्रम दिसू लागले. याच योजनेत ग्रामीण प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचे १२ दिवसांचे प्रशिक्षण झाले. दूरचित्रवाणीवरील पाठ पाहावयाचा, सोबतची छापील पुस्तिका वाचावयाची आणि मार्गदर्शकासमवेत प्रयोग करावयाचा, अशी त्याची रचना होती. दोन तुकड्यांत मिळून सुमारे ५०,००० शिक्षक त्यात शिकले. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला, तेव्हा विक्रमभाईंना जाऊन साडेचार वर्षे उलटली होती.