पाठीवरचे लेकरू

आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्याहून निघून हडपसरला येतात. तिथून माउली दिवेघाटाकडे वळतात, तुकोबाराय लोणी काळभोरची वाट धरतात. ही वाट आम्ही पुष्कळ वेळा चाललो. पण याच हडपसरच्या परिसरात १८९७ साली एका म्हाताऱ्या बाईने कोणाचे लेकरू पाठीवर घेऊन केवढी वारी केली, हे आम्हांला फार उशिरा कळलं. आज तिचेच चरित्र सांगतो.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. नवव्या वर्षी जोतिराव फुल्यांशी लग्न झाले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तिथे त्या शिकवू लागल्या, लोकांनी शेण मारलं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हांला सांगायचं आहे ते त्यांच्या घरातल्या पाळण्याचं.

त्या काळी ब्राह्मणांत विधवेला पुनर्विवाह नव्हता. कोवळ्या वयात कपाळ पांढरे झालेली पोर घरातल्या नाहीतर शेजारच्या पुरुषाच्या वासनेला बळी पडे. पुरुष नामानिराळा राही, आणि हिच्यापुढे दोनच वाटा: आपण विहीर जवळ करावी, नाहीतर बाळाच्या नरड्याला नख लावावे. जोतिरावांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या एका विधवेच्या हातून असेच घडले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नवराबायकोच्या काळजाला घरे पडली. १८६३ साली त्यांनी आपल्या राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यावे की इथे ठेवून जावे, हे त्या बाईच्या मर्जीवर. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्या. शेकशेगडी, न्हाऊमाखू, मागे राहिलेल्या पोराचे दूधपाणी, सारे सावित्रीबाईंनी पाहिले. स्वतःला मूलबाळ नव्हते. पण पाळणा रिकामा राहिला नाही.

इथे आमच्यासारख्या शास्त्र शिकलेल्यांनी जरा थांबावे. आम्ही लहानपणी मनुस्मृतीतले बारा प्रकारचे पुत्र घोकले. त्यांत एक अपविद्ध, म्हणजे आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचलून वाढवलेला. पुढच्या निबंधकारांनी कलियुगात औरस आणि दत्तक एवढेच ठेवले, बाकीचे वर्ज्य ठरवले. पोथीत नाव होते, पण घरात जागा नव्हती. ती जागा या माळ्याच्या घराने दिली.

१८७४ साली काशीबाई नावाची विधवा जीव द्यायला निघाली होती. जोतिरावांनी तिला परतवून घरी आणले. तिला मुलगा झाला. त्याला दोघांनी मांडीवर घेतले, यशवंत नाव ठेवले आणि दत्तक घेतले. पुढे १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला बालाश्रम चालवला, हजारांवर उपाशी मुलांना जेवू घातले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. दत्तक मुलाचा हक्क काही भाऊबंदांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या. बाईने टिटवे धरावे, हे कोणी ऐकलंही नव्हतं!

यशवंत शिकून डॉक्टर झाले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात यशवंतांनी दवाखाना मांडला आणि आई रोगी आणू लागली. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या गेल्या, पोराला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोचवले. पोरगा वाचला. त्यांना मात्र प्लेगने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. श्रोतेहो, पांडुरंगाला पाठीवर घेणारी ही माउली! जगाने टाकलेले मूल तिने वाढवले, त्याने दुसऱ्याचे मूल वाचवले.

मग आपण काय करावे? आपल्या पंढरपुरातही लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांनी १८७५ साली अशा मुलांसाठी बालकाश्रम काढला. चंद्रभागेच्या काठीही अशी पोरे सापडत होती, म्हणूनच ना? आज महाराष्ट्रात आईबापांवाचून राहिलेल्या मुलांना कुटुंबातच सांभाळता यावे म्हणून सरकारी बालसंगोपन योजना आहे, आणि तिला सावित्रीबाईंचेच नाव आहे. कायमचे घर मिळेपर्यंत पोराला तात्पुरती का होईना, कोणाची तरी मांडी लागते. ज्याला मांडी देणे जमेल त्याने रीतसर चौकशी करून ती द्यावी. ज्याला ते जमणार नाही त्याने वारीच्या खर्चातले चार पैसे जवळच्या बालगृहातल्या दूध-वह्यांसाठी बाजूला काढावे. गंगाखेडची जनी नामदेवरायांच्या घरी वाढली, हे आपण कीर्तनात सांगतो. मग दारी आलेल्या पोराची जात आणि जन्मकथा विचारण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?

यंदा हडपसरला पालखी आली की दोन पावले थांबा, आणि त्या पाठीला नमस्कार करा.