चौ एन-लाय यांची आठ कलमे

परकीय मदतीचा विचार आपल्याकडे बहुधा वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोन राजधान्यांच्या संदर्भातच झाला. पी. एल. ४८० चा गहू आणि भिलाईचा पोलाद कारखाना ही आपल्या अनुभवाची दोन टोके. त्यामुळे स्वतः दरिद्री असलेल्या एका देशाने इतर दरिद्री देशांना मदत देण्याचा जो प्रयोग केला, त्याकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. त्याचे प्रमुख शिल्पकार चौ एन-लाय हे होते आणि १९६२ च्या जखमेमुळे त्यांचे नाव आपण सीमावादाशीच जोडून ठेवले. हे स्वाभाविक आहे; पण त्या माणसाच्या कर्तृत्वाचा तो एक भाग झाला.

१८९८ साली क्यांगसू प्रांतात, उतरती कळा लागलेल्या एका सुशिक्षित घराण्यात त्यांचा जन्म झाला. तारुण्यातील काही वर्षे जपानमध्ये आणि नंतर १९२० ते १९२४ युरोपात गेली; तेथेच ते कम्युनिस्ट झाले. १९४९ पासून जानेवारी १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चीनचे पंतप्रधान होते आणि १९५८ पर्यंत परराष्ट्र खातेही त्यांच्याकडेच होते. १९५५ च्या बांडुंग परिषदेला निघालेल्या चिनी मंडळींचे, एअर इंडियाकडून भाड्याने घेतलेले विमान घातपाताने समुद्रात कोसळले. चौ त्या विमानात नव्हते. ते दुसऱ्या मार्गाने बांडुंगला पोहोचले आणि तेथे वाद टाळून त्यांनी अनेक साशंक राष्ट्रांना आपलेसे केले.

डिसेंबर १९६३ मध्ये ते आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. दहा देश त्यांनी पालथे घातले. घानामध्ये पोहोचण्याच्या थोडे दिवस आधी एन्क्रुमा यांच्यावर गोळीबार झाला होता. यजमानाने विमानतळावर येऊ नये, भेटी त्यांच्या निवासातच व्हाव्यात, असे चौ यांनीच सुचविले. राजशिष्टाचाराचा हट्ट न धरण्याचा हा शहाणपणा थोड्याच मुत्सद्द्यांजवळ असतो. इथिओपियात मात्र सम्राटांनी त्यांचे स्वागत राजधानीत न करता अस्मारा येथे केले. अमेरिकेची नाराजी ओढवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. दौऱ्याच्या अखेरीस सोमालियात, आफ्रिकेची भूमी क्रांतीस अनुकूल झाली आहे अशा अर्थाचे उद्गार चौ यांनी काढले आणि नुकतेच सत्तेवर आलेले अनेक राज्यकर्ते बिचकले. महिनाभर जोडलेले एका भाषणात उसवले गेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या चुकीची किंमत चीनला मोजावी लागली खरी.

याच दौऱ्यात जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी मदतीची आठ तत्त्वे जाहीर केली. मदत ही भीक नसून दोघांच्या हिताचा व्यवहार आहे. तिच्यासोबत अटी वा सवलती मागावयाच्या नाहीत. कर्ज बिनव्याजी किंवा अल्प व्याजाचे असावे आणि गरज पडल्यास परतफेडीची मुदत वाढवावी. देश परावलंबी न होता स्वतःच्या पायावर उभा राहावा. आणि चिनी तज्ज्ञांनी स्थानिक तज्ज्ञांच्याच राहणीमानात राहावे. हे शेवटचे कलम साधे दिसते, पण पाश्चात्त्य सल्लागारांचे बंगले व भत्ते ज्यांनी पाहिले होते त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

या तत्त्वांची कसोटी टांझानिया-झांबिया रेल्वेवर लागली. नोव्हेंबर १९६५ मध्ये ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांनी एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले आणि झांबियाच्या तांब्याची दक्षिणेकडील वाट संकटात आली. दारेसलामपर्यंतचा लोहमार्ग फायद्याचा ठरणार नाही, असा निर्वाळा पाश्चात्त्य तज्ज्ञांनी दिलेला होता. चीनने १९६७ मध्ये करार केला, १९७० मध्ये काम सुरू केले आणि १९७५ मध्ये १८६० किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला. साठांहून अधिक चिनी कामगार व तंत्रज्ञ तेथे कामी आले. कर्ज होते सुमारे ९८.८ कोटी युआन, बिनव्याजी. त्यातील एक युक्ती विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. मजुरी वगैरे स्थानिक खर्च भागविण्यासाठी चीनने परकीय चलन दिले नाही. उपभोग्य माल उधारीवर दिला. तो दुकानांत विकून येणाऱ्या शिलिंगांतून आणि क्वाचांतून पगार भागविले गेले. आपल्याकडे अमेरिकन गव्हाच्या विक्रीतून जमणाऱ्या रुपयांशी याचे नाते उघड आहे.

पण हा पैसा कोणाचा होता? १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसे भुकेने मेली. त्यातील १९५९ या एका वर्षात सुमारे ४० लाख टन धान्य देशाबाहेर गेले आणि त्या वेळी पंतप्रधान चौ हेच होते. १९६१ मध्ये परदेशातून धान्य आणविण्याच्या निर्णयात त्यांचा पुढाकार होता, हे त्यांच्या बाजूने सांगता येईल. पण त्याआधीचे मौन त्यामुळे पुसले जात नाही. पुढे सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी मदतीवरील खर्च सरकारी खर्चाच्या पाच टक्क्यांच्याही वर गेला. चिनी शेतकऱ्याला या दानाबद्दल कोणी विचारले नव्हते. लोकशाहीत असा आकडा संसदेपुढे आला असता, तर तो टिकला असता काय, याची मला शंका आहे.

मोबदला मिळाला तो राजकारणात. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ७६ विरुद्ध ३५ मतांनी पेकिंगला चीनची जागा दिली. बाजूने पडलेल्या मतांपैकी सुमारे एकतृतीयांश आफ्रिकेची होती. बिनशर्त मदतीलाही अपेक्षा असते, ती करारात लिहिलेली नसते इतकेच.

रेल्वे जुलै १९७६ मध्ये दोन्ही देशांच्या स्वाधीन झाली, तेव्हा चौ हयात नव्हते. १९७८ मध्ये झांबियाने दक्षिणेची वाट पुन्हा उघडली. वर्षाला वीस लाख टनांची अपेक्षा धरलेल्या त्या मार्गाने ती मजल कधी गाठली नाही आणि कर्जफेडीची मुदत चीनला पुढे ढकलावी लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या मार्गाच्या पुनरुज्जीवनाचा सामंजस्य करार पेकिंगमध्ये झाला. या वेळी मात्र बिनव्याजी कर्ज नाही. मार्ग चालविण्याचा हक्क काही वर्षांसाठी एका चिनी कंपनीने घ्यावयाचा आहे.