मायकेल फॅरडे : अग्नीतून गारवा शोधणारा लोहारपुत्र

विद्यार्थिमित्रहो, वैशाखाच्या वणव्यात पैनगंगेचे पात्र आटू लागले म्हणजे आपल्या मेहकरात घरोघरी माठ व रांजण यांची आठवण होते. मडक्याच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाते व जाताना आतील पाण्याची उष्णता हरण करते, म्हणून ते पाणी गार होते, हे आपण शास्त्राच्या तासास शिकलो आहोत. परंतु चुलीच्या जाळाने बर्फ होतो, असे कोणी म्हटले तर आपण त्यास खचित हसू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या श्रीमंतांस देखील बर्फ हवा असल्यास तो अमेरिकेच्या गोठलेल्या तळ्यांतून कापून, गलबतात भुशामध्ये झाकून आणावा लागे. त्याच काळात ही अशक्यप्राय गोष्ट एका काचेच्या नळीत प्रत्यक्ष दाखविणाऱ्या थोर पुरुषाचे हे अल्पचरित्र आहे.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहार होते व त्यांची प्रकृती नेहमी क्षीण असे. घरी अठराविश्वे दारिद्र्य. मायकेलला आठवड्यास एक पाव मिळे व तो त्याने सात दिवस पुरवावा, असेही दिवस त्या कुटुंबाने काढिले. लिहिणे, वाचणे व थोडे अंकगणित एवढेच त्याचे शालेय शिक्षण. चौदाव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकू लागला. इतर मुले पुस्तके बांधून बाजूस ठेवीत, हा मुलगा ती बांधता बांधता वाचून काढी.

१८१२ साली एका ग्राहकाच्या कृपेने त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली. त्याने ती सविस्तर टिपून घेतली, आकृत्या काढिल्या व स्वहस्ते सुरेख बांधून डेव्हींकडे पाठविली. मार्च १८१३ मध्ये तेथे प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा त्यास मिळाली. पुढे गुरूंसह यूरोपचा प्रवास घडला. त्यात कित्येकदा त्यास घरगड्याचीही कामे करावी लागली. तथापि अपमान गिळून त्याने विद्या मात्र संपादन केली.

१८२३ साली फॅरडे यांनी वाकड्या, बंद काचेच्या नळ्यांत वायू कोंडून त्यांचे द्रव करण्याचा उद्योग आरंभिला. एका नळीत त्यांनी अमोनिया वायू शोषून घेतलेले सिल्व्हर क्लोराइड घातले. त्या टोकास उष्णता देताच अमोनिया सुटला व दुसऱ्या थंड टोकात आपल्याच दाबाने द्रवरूप झाला. मग उष्णता काढून घेतली. तेव्हा ते क्षार निवून अमोनिया पुन्हा शोषू लागले, द्रव उकळू लागला, आणि ते टोक चांगलेच गार पडले. एका टोकास जाळ आणि दुसऱ्या टोकास शीतलता!

हे ज्ञान स्वस्तात मिळाले नाही. एके दिवशी नळी फुटून काचेचे तेरा तुकडे फॅरडे यांच्या डोळ्यांत गेले. त्यांचे नेत्र वाचले. परंतु शोधाच्या श्रेयावरून गुरुशिष्यांत वितुष्ट आले. १८२४ साली त्यांची रॉयल सोसायटीचे सभासद म्हणून निवड होऊ लागली, तेव्हा तीस स्वतः डेव्हींनीच विरोध केला. फॅरडे यांनी मात्र गुरूंविषयीचा आदर अखेरपर्यंत सोडला नाही. १८३१ साली त्यांनी चुंबकापासून विद्युत्प्रवाह उत्पन्न केला व जगभर कीर्ती मिळविली.

१८४५ साली ते पुन्हा वायूंकडे वळले. पुष्कळ वायू द्रवरूप झाले. पण हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन इत्यादी सहा वायूंपुढे त्यांचे काही चालेना. ही हार त्यांनी झाकली नाही, तर यशाइतक्याच स्पष्टपणे छापून प्रसिद्ध केली.

आता नवल पाहा. १८५९ च्या सुमारास फ्रान्समध्ये फेर्दिनां कारे यांनी अमोनिया व पाणी यांचे, जाळावर चालणारे बर्फाचे यंत्र केले. पुढे १९२२ साली स्टॉकहोमच्या फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी त्यात हायड्रोजनची भर घातली. फॅरडे यांना दाद न देणारा तोच वायू! तो द्रव होत नाही, म्हणूनच गार होण्याच्या भागात तो जागा व्यापून सर्वत्र दाब सारखा राखतो, आणि अमोनियास तेथे सहज वाफ होता येते. त्यामुळे पंप नाही, चाक नाही, केवळ एका लहान ज्योतीवर शीतपेटी चालते. विजेवाचून फिरणाऱ्या घरगाड्यांत, म्हणजे कॅरॅव्हॅनमध्ये, अशाच गॅसच्या शीतपेट्या असतात.

ज्यांस तिचे मर्म समजले त्यांस तिची निगाही समजते. द्रव आपल्या वजनानेच खाली वाहतो, म्हणून गाडी समतल उभी करावी. आतून काढलेली उष्णता पाठीमागच्या नळ्यांतून बाहेर पडते, म्हणून तेथे खालून वारा शिरून वरून निघून जाईल असे झरोके मोकळे असावेत. कडक उन्हाळ्यात तेथे लहानसा पंखाही उपयोगी पडतो. ज्योत निळी व धुराडे काजळीरहित असावे, आणि धूर गाडीबाहेरच जावा. ऊन पदार्थ आत कोंबू नयेत. गारवा वाढविणे म्हणजे उष्णतेस बाहेरची वाट मोकळी करून देणे, एवढेच त्यातील रहस्य आहे.

फॅरडे यांनी सरदारकीचा मान नाकारिला, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारिले. पण नाताळात मुलांपुढे व्याख्याने देण्यास ते कधी कंटाळले नाहीत. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांनी देह ठेविला. बाळांनो, परीक्षेत एखादे गणित सुटले नाही तर ते खोडून टाकू नका. कोठवर आलात ते स्वच्छ लिहून ठेवा. आपली हार प्रामाणिकपणे नोंदविणाऱ्याच्या कागदावरूनच पुढचा माणूस वाट काढतो.