गळतं कुठून?

आमचं गाव हिर्डोशी. भोरहून महाडला निघालं की वरंधा घाटाच्या अलीकडे लागतं. आषाढात तिथे दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, म्हणून घरात स्पिनरवाली सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. सुट्टीत गेलो तर ती खालून गळत होती. मेकॅनिकलचा पोरगा घरात असताना भोरहून माणूस कशाला बोलवायचा, असं आईचं म्हणणं. मला घाम फुटला! तीन वर्षांत पाना धरला तो वर्कशॉपच्या जर्नलपुरता. ड्रेन पाइपला टेप गुंडाळली. गळती तशीच.

त्या रात्री लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग नीट ओळखता येईनात. रंग सुटले, मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि आजच्या व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. १८८८ मध्ये बंधू रामूअण्णांसोबत बेळगावात सायकलचं दुकान निघालं. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. मास्तर असलेला माणूस सायकली दुरुस्त करताना हात काळे करायला लाजला नाही.

मग कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली! त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळ दिला. निवडुंग आणि नागांच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. इंजिनिअरिंगची डिग्री त्यांच्याकडे नव्हती. ते यंत्र खोलत, बघत आणि पुन्हा करत.

सकाळी मीही तेच केलं. प्लग काढला. धुण्याच्या टबात पाणी भरून अर्धा तास नुसतं बघत बसलो. खाली कोरडं. पाणी सोडलं, तरी कोरडं. म्हणजे टब आणि पाइप दोन्ही निर्दोष, माझी टेप फुकट! मग स्पिनरमध्ये तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली धार लागली. मागचं झाकण उघडलं, मोटरकडचे बोल्ट सैल करून स्पिनरचा ड्रम वर ओढला. दांड्याभोवतीचं रबरी सील फाटलं होतं. तो तुकडा खिशात घालून एस.टी.ने भोरला गेलो, त्याच मापाचं नवीन आणलं, बसवलं.

संध्याकाळी स्पिनर फिरला, फरशी कोरडी राहिली. आई काही बोलली नाही, फक्त शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. दोस्तहो, तीन वर्षांच्या मार्कशीटपेक्षा ती कोरडी फरशी मला मोठी वाटली.