अण्णांची पदवी

१९४२ मध्ये वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयाने महर्षी धोंडो केशव कर्वे यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. तेव्हा अण्णांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती. सतरा वर्षांचे असताना हेच अण्णा एका परीक्षेसाठी कोकणातील मुरुडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी गेले होते आणि वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेला न बसताच परतले होते.

पुढे १८८४ मध्ये ते बी.ए. झाले व कालांतराने फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. परंतु ज्ञानाची दारे बंद असलेल्या स्त्रियांचा त्यांना विसर पडला नाही. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९१६ मध्ये, म्हणजे काशीच्या विश्वविद्यालयाची कोनशिला बसली त्याच वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. विद्यार्थिनी अवघ्या ५, शिक्षण मातृभाषेतून. तेथील पदव्यांना सरकारी मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतरच. तोवर त्या मुलींनी केवळ विद्येच्या ओढीने पदवी मिळवली.

काशीच्या सन्मानासाठी अण्णांना परीक्षागृहात बसावे लागले नाही. ती परीक्षा त्यांनी जन्मभर दिली होती. पदवी हाती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची खरी परीक्षाही त्यानंतरच सुरू होते.