व्यवसाय कर आणि वि. स. पागे

नवी मुंबई / प्रतिनिधी

महापे, तुर्भे, रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील बहुतेक नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर म्हणून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात. 1975 साली हा कर रोजगार हमी योजनेसाठी बसवण्यात आला. त्या योजनेचे जनक विठ्ठल सखाराम पागे मात्र शहरवासीयांच्या फारसे परिचयाचे नाहीत.

1910 साली जन्मलेले पागे सांगली जिल्ह्यातले, पेशाने वकील, वृत्तीने गांधीवादी. 1960 ते 1978 अशी सलग अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार त्यांनी 1965 साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्याचा प्रयोग झाला आणि 1972 च्या भीषण दुष्काळात या कल्पनेची खरी कसोटी लागली.

1977 साली विधिमंडळाने केलेला कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्यातील सर्वांत धाडसी कलम बेकारी भत्त्याचे होते. मजुराने नाव नोंदवून रीतसर कामाची मागणी करावी. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास सरकारने भत्ता द्यावा. रक्कम तुटपुंजी होती, सुरुवातीला दिवसाला अवघा एक रुपया. पण बेकारी हा मजुराचा दोष नसून सरकारची थकबाकी आहे, असे कायद्याने प्रथमच मान्य केले. व्यवहारात मात्र मागणीचा लेखी पुरावा मजुराच्या हाती क्वचितच असे, त्यामुळे भत्ता पदरात पडल्याची उदाहरणे विरळाच.

हा हक्क ग्रामीण भागातील अंगमेहनतीच्या कामापुरता होता. कर भरणाऱ्या कामगाराला कारखान्यातून कमी केले, तर त्या निधीतून त्याला भत्ता नाही. त्याच्यासाठी 2005 साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि 2018 साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आल्या, परंतु त्या कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्यांपुरत्याच. अटल योजनेत तर मदतीची मुदत आयुष्यभरात मिळून नव्वद दिवसांची ठेवली गेली. कंत्राटदाराने विम्यात नावच घातले नसेल, तर दाद कुठे मागायची हा प्रश्न उरतोच.

पागे 1990 साली निवर्तले. पंधरा वर्षांनी, 2005 मध्ये, केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. पंधरा दिवसांची मुदत आणि बेकारी भत्ता, दोन्ही तरतुदी त्यात होत्या.