मूळ ग्रंथाच्या दाराशी

इरॅस्मसने १५१६ मध्ये नव्या कराराची ग्रीक संहिता छापली आणि तिच्या पुढील आवृत्तीवरून ल्यूथरने १५२२ मध्ये तो जर्मन भाषेत आणला. त्यातून युरोपात जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता: ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा? महाराष्ट्रात हाच प्रश्न एका स्त्रीने दोन धर्मांपुढे उभा केला. पंडिता रमाबाईंचे समाजकार्य सर्वश्रुत आहे. ही बाजू मात्र उपेक्षितच राहिली.

२३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करून अनंतशास्त्री डोंगरे रानात जाऊन राहिले होते. त्याच मातेकडून रमाबाईंना संस्कृत मिळाले. पुढे १८७४ मध्ये दुष्काळाने आईबाप नेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हणून गौरविले. पण केशवचंद्र सेनांनी वेदांची प्रत हाती दिली, तेव्हा स्त्रीला वेदाधिकार नाही या संस्कारामुळे त्या प्रथम बिचकल्या. मग वाचू लागल्या. पांडित्याचा गौरव करावयाचा आणि ग्रंथाला मात्र हात लावू द्यावयाचा नाही, ही विसंगती त्यांनी त्यानंतर कधीच सोसली नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी बुद्धी गहाण टाकली, असे पुण्यातील टीकाकारांस वाटले. वाँटेजच्या भगिनींचा अनुभव नेमका उलटा होता! त्रैक्याच्या सिद्धांतापासून चर्चच्या अधिकारापर्यंत रमाबाई शंका काढीत. परंपरा सांगते एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. शास्त्रात आधार दाखवा, हा त्यांचा आग्रह असे.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या. चांदा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. तेथून निराधार मुली आणून त्यांनी केडगावला ‘मुक्ती’ उभारली. नुकतीच अक्षरओळख झालेल्या या मुलींना प्रचलित मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा कशी कळावी? शिवाय त्यातील अनेक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे जुने अर्थ चिकटलेले होते. तेव्हा पन्नाशीच्या सुमारास रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळाबरहुकूम, साध्या मराठीत भाषांतराला बसल्या. ज्यांच्यासाठी ते चालले होते, त्या आश्रमातील मुलीच तेथील छापखान्यात खिळे जुळवीत होत्या. दुष्काळपीडितांना अन्न देणारे पुष्कळ असतात. ग्रंथ देण्याचा असा खटाटोप विरळा.

या भाषांतराला बायबल सोसायटीच्या आवृत्तीइतका प्रसार लाभला नाही, आणि सोपेपणापायी त्याची भाषा कित्येकदा रुक्ष झाली, हे मान्य केले पाहिजे. ग्रंथाच्या कर्तृत्वाविषयी व काळाविषयी शंका घेणारी जर्मन विद्यापीठांतील चिकित्साही त्यांना मानवणारी नव्हती. त्यांनी साधने विद्वानाची वापरली, मन भक्ताचे ठेवले. वाँटेजला प्रश्न विचारणाऱ्या रमाबाई उत्तरायुष्यात प्रश्नांविषयी अधिक कठोर झाल्या, असेही म्हणता येईल.

१९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. संपूर्ण बायबल केडगावहून १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.